उंचीला दिवस द्यावे लागतात

फेब्रुवारी उजाडला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या सायकल गटांमध्ये मनाली–लेहचा विषय निघतो. आयोजित सहलींची पत्रके फिरू लागतात. माणशी ठरलेली रक्कम भरायची. त्यात सायकल, तंबू, जेवणखाण, वाट दाखवणारा गाइड, मेकॅनिक आणि मागून येणारी सपोर्ट गाडी असे सगळे आले. आपण फक्त तयारी करायची. ती कशी करायची याचाही एक ठरलेला पाठ आहे. चार महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा घाट, रविवारी लांबची राइड, जमलेच तर २०० किलोमीटरची एखादी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. पाठ देणारा शेवटी छातीठोकपणे सांगतो, सिंहगड पाय न टेकवता चढलात की लडाख जमलेच म्हणून समजा.

हे मत चुकीचे आहे असे मी म्हणतो. निलगिरीसाठी ते चालेल, सह्याद्रीसाठी तर पुरून उरेल. पण ज्या रस्त्यावर रात्रीचा मुक्कामच चार हजार मीटरच्या वर पडतो, तिथे या मताच्या भरवशावर जाणे धोक्याचे आहे. त्या रस्त्याची निम्म्याहून अधिक तयारी सायकलवर बसण्याआधी होते किंवा हुकते. सहल निवडताना आपण किती दिवस मागून घेतो यावर पुढचे बहुतेक सारे ठरलेले असते. पायांची तयारी महत्त्वाची आहे, पण तिचा क्रम दुसरा.

पूर्वपक्ष

खंडन करायचे तर समोरची बाजू आधी पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. ती पोकळ नाही.

मनालीहून रोहतांगमार्गे लेह सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. वाटेत रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर), नकी ला, पाच हजार मीटरच्या वरचा लाचुलुंग ला आणि शेवटी ५,३२८ मीटरवरचा तांगलांग ला अशा खिंडी. रोज पन्नास-साठ किलोमीटर आणि कित्येक दिवशी हजारभर मीटरची चढण. ज्याचे गुडघे, कंबर आणि बूड याला सरावलेले नाही, त्याचे तिसऱ्या दिवशी हाल होणार. शिवाय ज्याची ताकद जास्त, त्याला तोच चढ आपल्या ताकदीच्या कमी हिश्श्यात चढता येतो; त्यामुळे तो कमी थकतो. तिसरा मुद्दा गाइडचा. त्याने हा रस्ता अनेकदा केलेला असतो, गाडीत ऑक्सिजनचे नळकांडे असते, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असते. आणि सर्वांत वजनदार मुद्दा अनुभवाचा: दरवर्षी कितीतरी लोक याच पद्धतीने तयारी करून जातात आणि सुखरूप परत येतात.

पहिले दोन मुद्दे मी मान्य करतो. तिसरा अर्धाच खरा आहे, तो का ते पुढे येईल. चौथ्याबद्दल एवढेच म्हणतो की जे अर्ध्या वाटेवरून गाडीत बसून परतले, ते सहसा आपल्या गटात व्याख्यान द्यायला उभे राहत नाहीत. सुखरूप परतलेल्यांच्या सांगण्यावरून वाट किती सुरक्षित आहे हे कळत नाही.

हे मत इतके रुजले कसे, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे फिरणारे सरावाचे तक्ते बहुतांश युरोपातल्या पर्वतसहलींसाठी बनलेले आहेत. आल्प्समधला सर्वांत उंच डांबरी घाटमाथा कोल द लिझरान सुमारे २,७७० मीटरवर आहे. इटलीतला प्रसिद्ध स्टेल्व्हियो २,७५७ मीटरवर. सायकलस्वार तिथे दुपारी माथा गाठतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी हजार-दीड हजार मीटरवरच्या गावात उतरून झोपतो. त्या प्रवासाला पाय आणि दमसास पुरतात, म्हणून तक्ते लिहिणाऱ्यांनी पाय आणि दमसास यांवरच भर दिला. त्यात त्यांची चूक नाही. चूक आपली, की तोच तक्ता आपण लडाखच्या वाटेला लावला. आल्प्सचा सर्वांत उंच घाटमाथा लाहौलमधल्या केलाँगच्या बाजारपेठेपेक्षाही तीनशे मीटर खाली आहे.

हवेचे गणित

पुण्यात हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि तांगलांग लाच्या माथ्यावरही तेवढाच असतो. बदलतो तो हवेचा दाब. लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. तांगलांग लावर जेमतेम निम्मा उरतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो.

शरीर याला टप्प्याटप्प्याने तोंड देते. श्वासाचा वेग लगेच वाढतो. पण जोरजोरात श्वास घेतल्याने कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताचा अल्कधर्म वाढतो आणि मेंदूतले श्वसनकेंद्र श्वासाला लगाम घालते. हा लगाम सैल करायचा तर मूत्रपिंडांनी जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकले पाहिजे. त्या कामाला काही दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात.

सरावाने हृदय बळकट होते, स्नायूंमधल्या सूक्ष्म केशवाहिन्या वाढतात, स्नायू प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात. हे सगळे खरे. पण मूत्रपिंडांच्या या कामाचा वेग सरावाने वाढत नाही. बीआरएमच्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही राइड एका हंगामात पुऱ्या करून 'सुपर रँडोनर' झालेल्या माणसालाही त्यासाठी तितकेच दिवस द्यावे लागतात, जितके घरून ऑफिसला सायकलने जाणाऱ्याला. पूर्वपक्षाची सगळी इमारत इथे कोसळते. त्याने ज्या अवयवांची तयारी करून घेतली, ते उंचीचा निकाल लावणारे अवयवच नव्हेत.

हा नुसता तर्क नाही. १९६० मध्ये डॉक्टर आणि गिर्यारोहक असलेल्या चार्ल्स ह्यूस्टन यांनी अमेरिकेतल्या डोंगरात स्कीइंगला गेलेल्या एका निरोगी, खेळाडू तरुणाच्या फुप्फुसांत पाणी कसे भरले याचे वर्णन प्रसिद्ध केले. उंचीवर होणारा फुप्फुसांचा हा आजार पाश्चात्त्य वैद्यकाच्या नीट लक्षात आला तो तेव्हापासून. त्याआधी त्याला न्यूमोनिया म्हणून बाजूला टाकले जाई. पुढे दोनच वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, आपले जवान सपाटीवरून घाईघाईने हिमालयात पाठवावे लागले. त्या काळात आपल्या लष्करी डॉक्टरांनी जे पाहिले, त्यातून उंचीच्या आजारावरचे पायाभूत लेखन झाले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६९ चा निबंध १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला आहे. ही माणसे कवायत करणारी, ओझे वाहणारी, काटक होती. त्यांच्या काटकपणाने त्यांना उंचीपासून वाचवले नाही.

१९७६ मध्ये पीटर हॅकेट, ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे गावी, ४,२४३ मीटरवर, २७८ पदयात्रींची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, पदयात्रींना उंचीचा त्रास झाला होता. तरुणांमध्ये प्रमाण जास्त होते. भराभर चढलेल्यांमध्ये जास्त होते. विमानाने थेट लुक्लाला उतरलेल्यांमध्ये आणि वाटेत कमी रात्री मुक्काम केलेल्यांमध्येही जास्त होते. आधी उंचीवर जाऊन आल्याचा काही फायदा दिसला नाही. आपल्या सायकल गटांतला सर्वांत जोमदार गडी याच वर्णनात बसतो: तरुण, वेगवान, सुट्टी कमी असलेला आणि "गेल्या वर्षी मी स्पिती केलीय" म्हणणारा. गेल्या वर्षी कमावलेला सराव खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ओसरलेला असतो. मागे त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याचा संभव अधिक, हे खरे. मागे झाला नाही म्हणून यंदा होणार नाही, हे मात्र खरे नाही.

जोमाचा आणखी एक तोटा आहे. दाबकक्षातल्या प्रयोगांत, एकाच कृत्रिम उंचीवर ठेवलेल्या माणसांना व्यायाम केल्यावर जास्त त्रास झाला, स्वस्थ बसल्यावर कमी. म्हणजे नव्या उंचीवर पोहोचलेल्या दिवशी जो जास्त दमतो, त्याला उंची जास्त बाधते. तंदुरुस्त माणूस त्या दिवशी हळू चालवील तर त्याची तंदुरुस्ती त्याच्या उपयोगी पडेल. पण चार महिने वेळ मोजत सराव केलेला माणूस हळू चालवत नाही.

आता लष्कराची आजची पद्धत पाहा. जवानाला ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस सरावण्यासाठी दिले जातात. पहिल्या टप्प्यातले पहिले दोन दिवस विश्रांतीचे. म्हणजे एकूण चौदा दिवस. आणि आपण, संगणकापुढे बसून काम करणारी माणसे, शनिवारी मनालीत उतरून पुढच्या रविवारी लेहच्या विमानतळावर असू, असा बेत आखतो.

या उंचीचा सराव महाराष्ट्रात करता येईल का? नाही. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, सिंहगड तेराशे. मनाली शहर या सर्वांच्या वर, दोन हजार मीटरला आहे. सह्याद्रीत पाय घडतात. उंची फक्त उंचीवरच अंगवळणी पडते.

गाडी कुठे नेणार?

आता गाइड आणि गाडी. "मागे गाडी आहे ना" या वाक्याने जितकी बेफिकिरी येते, तितकी दुसऱ्या कशाने येत नाही.

उंचीच्या गंभीर आजारावर, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरणे किंवा मेंदूला सूज येणे यावर, सर्वांत खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणे, आणि लगेच उतरणे. मनाली–लेह रस्त्याची रचना या उपायाच्या आड येते. सर्चू सुमारे ४,२९० मीटरवर. तिथून मनालीकडे यायचे तर आधी बारालाचा ला चढावा लागतो. पांग ४,६०० मीटरवर. तिथून लेहकडे जायचे तर आधी तांगलांग ला, मागे फिरायचे तर लाचुलुंग ला. म्हणजे ज्या माणसाला तातडीने खाली न्यायचे, त्याला आधी आणखी वर न्यावे लागते, बहुधा रात्रीच्या अंधारात, नाल्यांचे पाणी वाहत असलेल्या रस्त्याने. पांगला लष्कराचा तळ आहे आणि अडलेल्याला तिथे मदत होते. पण लष्कराच्या मदतीवर विसंबून सहल आखणे हा बेजबाबदारपणा आहे. गाडी अंतरापासून वाचवते, मोडलेल्या सायकलीपासून वाचवते, पावसापासून वाचवते. उंचीच्या बाबतीत तिचा भरवसा या खिंडींच्या मध्ये संपतो.

गाइडचे ज्ञान खरे असते. लाहौलचे आणि लडाखचे गाइड, चालक, स्वयंपाकी या रस्त्याला आपल्यापेक्षा फार चांगले ओळखतात. पण त्यांच्या हाती दिलेला कार्यक्रम शहरात विकला गेलेला असतो. किती रात्री, कुठे मुक्काम, लेहहून विमान कोणत्या तारखेचे, हे त्यांनी ठरवलेले नसते. आणि दुसऱ्याच्या डोक्यात काय दुखते आहे हे कोणत्याही गाइडला बाहेरून दिसत नाही.

झिंगझिंगबारच्या मुक्कामावरचे एक दृश्य मी पाहिले आहे. गटातला सर्वांत वेगवान सायकलस्वार दुपारी एक वाजताच तळावर पोहोचला होता. चार वाजता तो तंबूच्या दोरीला टेकून बसला होता, हेल्मेट अजून डोक्यावरच. संध्याकाळी राजमा-भाताचे ताट समोर आले तेव्हा त्याने दोन घास चिवडून ते बाजूला सारले. गाइडने विचारले, "सर, ठीक हो?" तो म्हणाला, "एकदम. जरा ऊन लागलंय." सगळ्या गटाला त्याची सिंहगडची वेळ तोंडपाठ होती, त्यांच्यासमोर डोके दुखते म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्याच गटातल्या एक पन्नाशीच्या बाई दीपक तालापाशी थांबत, पटसेऊला चहा घेत साडेचारला पोहोचल्या होत्या. त्यांनी दोनदा भात मागून घेतला. त्या रात्री कुणाला गाडीत बसवायची वेळ आली, हे सांगायला नको.

त्या माणसाची तयारी कमी पडली असे कुणी म्हणणार नाही. त्याची तयारी भरपूर होती. ती चुकीच्या प्रश्नाची होती. आदल्या रात्रीचा जिस्पाचा मुक्काम सुमारे ३,२०० मीटरवर, झिंगझिंगबारचा ४,२७० च्या आसपास. एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरहून जास्त वाढली. पर्वतवैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रात्रीमागे पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. नियमाच्या दुप्पट उडी त्या कार्यक्रमातच छापलेली होती.

कापूर, मुखवटे आणि गोळ्या

दिवस देण्याची तयारी नसली की माणसे पळवाटा शोधतात. कापराची वडी रुमालात बांधून हुंगण्याची पद्धत तर आता सार्वत्रिक झाली आहे. कापराने नाकाला थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला प्राणवायू वाढत नाही. 'उंचीच्या सरावासाठी' म्हणून विकले जाणारे मुखवटे श्वास घ्यायला अडथळा आणतात, हवेचा दाब कमी करत नाहीत; त्यांचा उंचीशी संबंध फक्त नावापुरता. पाणी भरपूर प्या, हा सल्ला कोरड्या हवेत घसा सुकतो म्हणून योग्य आहे, पण पाण्याने उंचीचा आजार टळत नाही, आणि तहान नसताना लिटरवारी पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम घसरते. ऑक्सिमीटरवरचा आकडा उंचीवर सर्वांचाच खाली येतो; एकट्या आकड्यावरून निर्वाळा देता येत नाही. डोके दुखते का, जेवण जाते का, सरळ रेषेत चालता येते का, हे प्रश्न जास्त विश्वासाचे.

डायमॉक्स या नावाने मिळणारे ॲसेटाझोलामाइड मात्र खरोखर काम करते, आणि ते कसे काम करते हे माझ्या बाजूचा पुरावा आहे. ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते; जे काम शरीर काही दिवसांत करणार होते, ते लवकर सुरू करून देते. सिद्ध झालेले औषध स्नायूंवर किंवा दमसासावर काम करत नाही, यातच तंदुरुस्ती आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसते. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. पण सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडांचे विकार, चालू असलेली इतर औषधे पाहून डॉक्टरांनीच ते ठरवायचे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, हेही आधी माहीत हवे. आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायची परवानगी मिळत नाही.

मग तयारी कशाची?

खंडनावर थांबणे योग्य नाही. जुने मत काढून घेतले तर त्या जागी काही ठेवले पाहिजे.

सर्वांत आधी रात्रींचा तक्ता. सहलीचा कार्यक्रम हाती आला की त्यातली किलोमीटर बाजूला ठेवा आणि प्रत्येक मुक्कामासमोर झोपण्याची उंची लिहा. मनालीला दोन रात्री. मढीला, ३,३०० मीटरच्या आसपास, एक. रोहतांग ओलांडून केलाँगला, पुन्हा ३,१०० वर, एक. जिस्पाला दोन, आणि मधल्या दिवशी सामानाशिवाय दीपक तालापर्यंत चढून परत. मग पटसेऊला सुमारे ३,८०० वर एक (ही उडी पाचशेहून थोडी मोठी, म्हणूनच आधी जिस्पाला दोन रात्री), झिंगझिंगबारला एक, सर्चूला एक, पांगला एक, मोरेच्या पठारावर एक, तांगलांग ला उतरून रुम्त्से किंवा लातोला एक, मग लेह. बारा रात्री झाल्या. दरड कोसळली, नाला फुगला, कुणाला थांबावेसे वाटले तर एक दिवस हाताशी हवा. असा तक्ता बाजारात महाग पडतो, कारण तंबू आणि माणसे जास्त दिवस लागतात. पण आयोजक आपण मागतो तेच विकतात. नऊ दिवसांची सहल खपते म्हणून नऊ दिवसांची सहल बनते. हा निर्णय ग्राहकाच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट हळू चढण्याची. पाच हजार मीटरवर माणसाची कमाल ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते. आता गिअरचे गणित मांडून पाहा. पुढे ३४ दात आणि मागे २८ असा सर्वांत हलका गिअर असलेली रोड बाइक एका पेडलमागे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० पेडल मारले तर ताशी नऊ किलोमीटर. सायकलसकट ८५ किलो वजनाला सहा टक्क्यांच्या चढावर या वेगाने नुसते वर उचलायला सुमारे १३० वॅट लागतात. पुण्यात दीर्घकाळ १८० वॅट टिकवणाऱ्या दमदार माणसाकडे तिथे उरतात १२० च्या आसपास. म्हणजे सर्चूपुढच्या 'गाटा लूप्स'च्या एकवीस वळणांच्या वर पोहोचेपर्यंत तो कायम आपल्या मर्यादेच्या पलीकडे राबणार. त्याऐवजी पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील तर त्याच ६० पेडलांना ताशी पाच किलोमीटर आणि ७० वॅटहून कमी. शेजारच्याशी बोलत चढता येईल असा हा वेग. भाड्याची सायकल मिळणार असेल तर दातांचे आकडे आधी विचारून घ्या. आणि सिंहगडावर वेळ कमी करण्याचा सराव थांबवून पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीने चढण्याचा सराव करा. जोमदार माणसाला तो सर्वांत कठीण जातो, म्हणूनच त्याला सर्वांत आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट उताराची. सरावाच्या तक्त्यांत उतार नसतो, कारण उताराने दम वाढत नाही. पण थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, खडीच्या वळणांवर, तासभर ब्रेक सांभाळणे हे शिकावे लागते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की रिम किंवा डिस्क तापत राहते. त्यापेक्षा वळणाच्या आधी नीट दाबून वेग मारायचा, वळणात सोडायचा, सरळ पट्ट्यात ताठ बसून छातीवर वारा घ्यायचा. ताम्हिणी आणि वरंधा घाट यासाठी उत्तम शाळा आहेत, पावसाळ्यात तर जास्तच. ब्रेक पॅडचा जादा जोड आणि पूर्ण बोटांचे जाड हातमोजे स्वतःजवळ ठेवा, गाडीत नव्हे. गाडी तुमच्या मागे असते आणि थंडी तुमच्या हाताला आधी लागते.

चौथी, खाण्याची. उंचीवर भूक मरते आणि अंगाची मागणी मात्र वाढते. खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की, तिखट-मिठाची दशमी, जे पोटाला सवयीचे आहे ते दर तासाला थोडे खाण्याची शिस्त घरूनच लावली पाहिजे. तिथल्या तंबूत नव्या चवीचे जेल उघडण्यात अर्थ नाही.

पाचवी गोष्ट बोलण्याची. निघण्याआधी गटातल्या एकाशी जोडी ठरवा. रोज संध्याकाळी दोघांनी एकमेकांना तेच चार प्रश्न विचारायचे: डोके, मळमळ, झोप, तोल. डोकेदुखीबरोबर दुसरे काही आढळले तर दुसऱ्या दिवशी वर जायचे नाही. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला वाढत असेल किंवा तोल जात असेल तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे. हा नियम आधी, डोके शाबूत असताना, मान्य केलेला असला तरच पाळला जातो.

आणि पाय? पायांना तीन-चार महिने द्याच. फक्त त्यांचा सराव या प्रवासाला साजेसा असू द्या. बीआरएम एका दमात संपते. इथे मात्र दहा-बारा दिवस रोज उठून पुन्हा त्याच खोगिरावर बसायचे असते. एकाच दिवशी २०० किलोमीटर करण्यापेक्षा सलग तीन दिवस पन्नास-पन्नास किलोमीटर घाटातून करणे इथे अधिक कामाला येते.

"एवढी रजा कुठून आणायची?" हा प्रश्न राहतो, आणि तो रास्त आहे. नऊ दिवसच असतील तर नऊ दिवसांत बसणारा पर्वत निवडा. निलगिरीत उटी २,२४० मीटरवर आहे, दोड्डाबेट्टा २,६३७ वर. तिथे जुना तक्ता चोख लागू पडतो आणि कल्लट्टीचा घाट कुणाच्याही पायांचे पाणी जोखतो. हिमालयच हवा असेल तर कुलूकडचा जलोडी जोत ३,१२० मीटरचा आहे. माथा गाठून त्याच दिवशी खाली झोपता येते. यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो तेरा दिवसांचा रस्ता नऊ दिवसांत कोंबून त्याला साहस म्हणण्यात.

तेव्हा यंदा जे मनाली–लेहचे पैसे भरायला निघाले आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे. आयोजकाला सायकलचा ब्रँड, तंबूचा दर्जा, जेवणाचा बेत नंतर विचारा. आधी विचारा की कोणत्या रात्री किती मीटरवर झोपायचे आहे. उत्तर रात्रीगणिक, आकड्यांत मिळाले आणि ते आकडे नियमात बसले, तर निश्चिंत मनाने सरावाला लागा. तसे उत्तर मिळाले नाही, तर तुमचे पाय कितीही तयार असोत, त्या सहलीला जाऊ नका.